कुत्रा कोणाचा?

गल्लीत कुणास कुत्रा चावला म्हणजे जमलेल्या मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'कुत्रा कोणाचा?' हा. जखम धुतली काय, लस कोठे मिळेल, हे प्रश्न मागाहून येतात, आणि कित्येकदा येतही नाहीत. बरे, त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तरी मिळते काय? ज्याच्या ओट्यावर तो कुत्रा रोज निजतो तो म्हणतो, 'आमचा नव्हे, गल्लीतला आहे.' जी माउली त्यास रोज भाकरी घालते ती म्हणते, 'मी आपले उरलेसुरले टाकते, एवढेच.' काल सायंकाळपर्यंत जो सर्वांचा होता, तो दात लागताच कोणाचाच उरत नाही.

या विवेचनात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते याच प्रश्नासंबंधी आहे. श्वानदंश हा दैवाचा फेरा आहे, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे. बहुतेक दंश टाळता येतात, आणि दंशानंतर येणारा मृत्यू तर जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येतो. मात्र त्यासाठी कुत्रा कोणाचा, याचे उत्तर तो चावण्यापूर्वी दिलेले असले पाहिजे.

आपला जुना ऋणानुबंध

सोलापूरच्या परिसरास कुत्रा हा काही परका प्राणी नाही. शहरालगत बाळे येथे खंडोबाचे देऊळ आहे. या दैवताच्या सोबतीस कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःस वाघ्या म्हणवून घेतात. अक्कलकोटास जाणारी दत्तभक्त मंडळी तसबिरीत दत्तात्रेयाभोवती चार कुत्री पाहतात व त्यांस चार वेदांचे रूप मानतात. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळरानावर धनगराचा कळप कुत्र्यावाचून निर्धास्त बसत नाही. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी धावणारी कारवानी आणि मुधोळ जातीची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहेत.

आणि पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. तेथल्या नामदेवांची गोष्ट लहानथोरांस ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा कोरडी पोळी त्यास बाधेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आपण ही गोष्ट मुलांना सांगतो आणि दारात आलेल्या कुत्र्यास शिळी भाकरी टाकून दार लावून घेतो. परंतु गोष्टीतले मर्म पोळीत नाही, मागे धावण्यात आहे. ज्याच्या पोटात आपले अन्न गेले त्याच्या पुढच्या बऱ्यावाईटाची काळजी आपण घ्यावयाची, हा त्या गोष्टीचा अर्थ आम्हांस वाटतो. आजच्या काळी त्या काळजीची नावे साधी आहेत: लस, पट्टा, नोंदणी आणि निर्बीजीकरण. ही नावे भूतदयेच्या विरोधी मुळीच नाहीत. भूतदया शहरात टिकवावयाची तर ती अशाच रूपाने टिकेल.

संकटाचे खरे स्वरूप

कुत्र्याचा दात लागणे ही जखम म्हणून बहुधा भयंकर नसते. भय आहे ते त्यातून येणाऱ्या रेबीजचे. आपल्याकडे यास 'कुत्रे पिसाळणे' म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आले असून रोग्यास पाण्याचे भय वाटू लागणे हे लक्षण तेथे 'जलत्रास' या नावाने सांगितले आहे, आणि ते दिसू लागले म्हणजे रोगी वाचत नाही, असेही बजावले आहे. इतक्या शतकांनंतरही या शेवटच्या विधानात फारसा बदल झालेला नाही. लक्षणे एकदा सुरू झाली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

याचे कारण रोगाच्या चालीत आहे. रोगट जनावराच्या लाळेतून सूक्ष्म विषाणू जखमेत शिरतो. तो रक्तावाटे न जाता मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा १ ते ३ महिने लागतात. क्वचित आठवडाभर, क्वचित वर्षाहूनही अधिक. मेंदूत पोहोचल्यावर घशाच्या स्नायूंस असह्य आचके येतात, पाणी समोर आले तरी जीव घाबरा होतो, वाऱ्याची झुळूकही सोसत नाही, आणि मग थोड्याच दिवसांत सारे संपते. मात्र विषाणू वाटेत आहे तोवर त्यास अडविता येते. चावल्यापासून मेंदूपर्यंतचा हा अवधी म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेली मुदत होय. डोके, चेहरा, मान व हाताची बोटे येथील दंश अधिक धोक्याचे, कारण तेथून मेंदू जवळ असतो किंवा मज्जातंतू दाट असतात. लहान मुलाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

आकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचा आवाका कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरसाल सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण शेकडा ४० च्या घरात आहे. भारतात दरसाल १८ ते २० हजार मृत्यू होतात, असा अंदाज पुष्कळ वर्षे सांगितला जाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये देशभर पाहणी करून हा आकडा सुमारे ५,७०० असा काढला. म्हणजे पूर्वीच्या मानाने चित्र बरे दिसते. पण दिवसाकाठी पंधरांहून अधिक माणसे अशा रोगाने जावीत, की ज्यावर खात्रीची लस आहे, यात समाधान मानण्यासारखे काय आहे? त्याच पाहणीत असेही आढळले की, कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश लोकांनी लस मुळीच टोचून घेतली नव्हती.

चावल्यावर प्रथम काय करावे

लस न घेण्याचे एक कारण अज्ञान, आणि दुसरे कारण एक जुनी भीती. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात 'पोटात चौदा इंजेक्शने' हे शब्द खोल रुतून बसले आहेत. ही भीती कोठून आली, ते समजून घेतले म्हणजे ती जाईल.

फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोचण्यास आरंभ केला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्या मुलाचे ठिकठिकाणी लचके तोडले होते. तो वाचला, आणि माणसाने या रोगावर मिळविलेला तो पहिला मोठा विजय ठरला. पुढे १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर यांच्या नावाच्या संस्था स्थापन झाल्या. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होऊ लागली. कसौलीस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस करण्याची जी रीत बसविली, तीच पुढे नव्वदएक वर्षे आपल्या देशात चालली. पोटात टोचावयाची ती हीच. तिने असंख्य प्राण वाचविले, हे खरे. पण ती दुखे फार, आणि क्वचित कोणास तिच्यापासून अर्धांगासारखा उपद्रवही होई. २००४ अखेर भारतात ती लस बंद झाली.

आजची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून बनते. ती पोटात देत नाहीत, दंडात देतात. तान्ह्या मुलांना मांडीत देतात. कातडीत टोचण्याची जी रीत सरकारी दवाखान्यांत रूढ आहे, तीत चार खेपा असतात: पहिली टोचणी ज्या दिवशी घेतली तो शून्य दिवस धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. स्नायूत देण्याच्या रीतीत १४ व्या दिवसाची एक खेप वाढते. खोल जखम असेल, किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार प्रतिद्रव्य जखमेत व तिच्याभोवती टोचावे लागते. लसीचा प्रभाव शरीरात निर्माण होण्यास काही दिवस लागतात. तोवरचा पहारा हे प्रतिद्रव्य करते. गरोदर स्त्रीने अथवा अंगावर पाजणाऱ्या मातेने ही लस घेण्यास कोणतीही हरकत नाही.

परंतु दवाखाना गाठण्यापूर्वीचे पहिले काम घरच्या मोरीतच करावयाचे आहे. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी आणि साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. इतका साधा, इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा क्वचितच असेल. नळास पाणी नसेल तर घागरीतले पाणी तांब्याने ओतीत राहावे. पाण्याच्या दिवसाआड येण्याची सवय असलेल्या आपल्या शहराने यासाठी तरी पाणी वाचवू नये. नंतर जंतुनाशक औषध लावावे. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. टाके शक्य तो तात्काळ घालू नयेत. घालणे भाग असेल तर ते केव्हा व कसे, हे डॉक्टर ठरवतील. मंत्र, गंडे, उतारे यांत गेलेला प्रत्येक दिवस त्या मुदतीतून वजा होतो.

'कुत्रा घरचा आहे, पिसाळलेला दिसत नाही, थोडे थांबून पाहू' असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचे ऐकू नये. कुत्रा ओळखीचा असेल तर त्यास १० दिवस नजरेखाली ठेवावे हे बरोबर. तो त्या दिवसांत धडधाकट राहिला तर पुढच्या टोचण्या थांबवावयाच्या काय, ते डॉक्टर सांगतील. पण पहिली टोचणी त्यासाठी खोळंबू द्यावयाची नाही. उलट, चावून पंधरा दिवस किंवा महिना होऊन गेला असेल तर 'आता काय उपयोग?' असेही म्हणू नये. लक्षणे नाहीत तोवर उशीर झाला तरी लस घ्यावीच. नुसते ओरखडले असेल, कातडीवर दात उमटले असतील, पिलाने खेळता खेळता चावा घेतला असेल, तरीही डॉक्टरांस दाखवावे. पिलू लहान म्हणून विषाणू लहान होत नाही. सरकारी रुग्णालयात ही लस विनामूल्य मिळते. आपल्या शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्यास आपण नुसते 'सिव्हिल' म्हणतो, ते सर्वांस माहीत आहे.

कुत्रा का चावतो

येथवर जे सांगितले ते पेटलेले घर विझविण्यासारखे झाले. आग लागूच नये म्हणून कुत्र्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' या म्हणीवर विसंबून पुष्कळांनी आपल्या पोटऱ्या फोडून घेतल्या आहेत. भुंकणे व गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना असते, आणि सूचना न मानणाऱ्यास तो चावतो. 'आपल्या गल्लीत कुत्राही वाघ' ही दुसरी म्हण मात्र शास्त्रास धरून आहे. आपली हद्द, आपले अन्न आणि आपली पिले यांवर कोणी येत आहे, असे वाटले म्हणजे एरवी गरीब असलेला कुत्राही अंगावर येतो. भीती, दुखणे आणि दचकणे ही आणखी तीन कारणे. चावण्याआधी तो बहुधा चिन्हे दाखवितो: अंग ताठ करतो, कान मागे पाडतो, ओठ उचलून दात दाखवितो, शेपूट पायांत घालतो, नजर चुकवून डोळ्यांचे पांढरे दाखवितो. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे, असेही नेहमी नसते. ताठ अंगाने शेपूट हलविणारा कुत्रा लाडात आलेला नसतो.

मुलांना शाळेत पाढे शिकवितो तसे चार नियम घरी शिकवावेत. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिलांजवळच्या कुत्र्याच्या वाटेस जाऊ नये. परक्याच्या कुत्र्यास हात लावण्यापूर्वी मालकास विचारावे. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, हात अंगाशी धरावेत, त्याच्या डोळ्यास डोळा भिडवू नये, आणि तो शांत झाला म्हणजे हळूहळू मागे सरावे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन अंगाचे मुटकुळे करावे आणि हातांनी मान व कान झाकावेत. आणि शेवटचा नियम, जो आईबापांसाठीही आहे: कुत्रा चावला तर घरी लगेच सांगावे. 'दगड मारला असशील' म्हणून मुलास धपाटा मिळणार असेल, तर ते मूल जखम लपविते, आणि मग ती मुदत मुकाट्याने संपून जाते. मुलाच्या मनातले मारझोडीचे भय काढणे हाही रेबीजवरचा एक इलाज आहे.

मोठ्या माणसांपुढचा प्रसंग निराळा असतो. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार रात्रपाळी सुटल्यावर घरी निघतो, तेव्हा रस्ते मोकळे असतात आणि कुत्र्यांचे कळप रस्त्यावर हद्द मांडून बसलेले असतात. दुचाकी भरधाव निघाली की तिच्यामागे धावणे हा त्यांचा उपजत धर्म. अशा वेळी वेग वाढविला, तर चावण्याहून मोठा अपघात पडण्याने होतो. वेग कमी करावा, पाय उचलून लाथ झाडू नये; वाटल्यास गाडी थांबवून ती मध्ये धरून उभे राहावे. पाठलागाचा विषय संपला म्हणजे पाठलागही बहुधा संपतो.

पाळणाऱ्याचे कर्तव्य

आता पहिल्या प्रश्नाच्या पहिल्या उत्तराकडे वळू. 'कुत्रा आमचा आहे' असे छातीवर हात ठेवून सांगणारे गृहस्थ सोलापुरात पुष्कळ आहेत. जुळे सोलापुरातील व होटगी रस्त्याकडील वसाहतींत संध्याकाळी हिंडणाऱ्या उंची जातीच्या कुत्र्यांवरून ते दिसतेही. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, कुत्रा विकत घेणे ही एका दिवसाची गोष्ट असली, तरी कुत्रा पाळणे ही दहा-बारा वर्षांची गोष्ट आहे.

पिलू साधारण तीन महिन्यांचे झाले की त्यास रेबीजची पहिली लस द्यावी, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढची, आणि नंतर दरसाल न चुकता. टोचणीचा कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवावा. उद्या काही प्रसंग ओढवला, तर तोच शेजाऱ्यास धीर देतो. महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे नोंदणी करावी. बाहेर नेताना गळ्यात पट्टा व हातात दोरी असावी, आणि दोरी धरणारा हात कुत्र्यास आवरील इतका मोठा असावा. धिप्पाड कुत्रा आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन फिरावयास पाठविणे म्हणजे कुत्र्याने मुलास फिरविणे होय. तापट कुत्र्यास गर्दीत नेताना तोंडास जाळी बांधावी. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा तेथे कुत्रा नेण्याचे काहीच कारण नाही. गोंगाटाने माणूस भांबावतो, तेथे कुत्र्याची काय कथा?

पुष्कळांचा समज असा की, कुत्रा दिवसभर साखळीस बांधून ठेवला म्हणजे तो राखणीस तिखट होतो. तो तिखट होत नाही, चिडका होतो. चोर आणि पोस्टमन, दूधवाला आणि शेजारचे मूल यांतला भेद त्यास कळेनासा होतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या सावलीत, कोरड्या भांड्याजवळ दुपारभर बांधलेले जनावर संध्याकाळी कोणावर धावून गेले, तर दोष जनावरास देता येत नाही. त्यास सावली, पाणी, रोजचे फिरणे आणि लहानपणापासून माणसांची सवय द्यावी. पिले नको असतील तर निर्बीजीकरण करून घ्यावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराची लस, जंतनाशन व निर्बीजीकरण ही जबाबदारी स्पष्टपणे मालकावरच टाकली आहे.

सर्वांत मोठा अपराध मात्र निराळाच आहे. हौस फिटली, बदली झाली, घर बदलले, कुत्रा म्हातारा झाला, म्हणून रात्री त्यास गाडीत घालून माळावर सोडून येणारे लोक आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ही क्रूरता ठरविली आहे. शिवाय असा सोडलेला कुत्रा भुकेने आणि भीतीने कोणाचे तरी मूल चावतो, तेव्हा त्या दंशाचा खरा धनी दूर कोठेतरी निर्धास्त झोपलेला असतो. आपल्या जनावराकडून दुसऱ्यास इजा होऊ नये याची खबरदारी जाणून अगर हयगयीने न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याच्या भयाने कुत्रा सांभाळण्याची वेळ कोणावर येऊ नये.

गल्लीतला कुत्रा

राहिला तो ज्यास कोणीच आपला म्हणत नाही. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतात, सगळी मारून टाका. दुसरे म्हणतात, मुक्या जनावरास हातच लावू नका.

पहिला उपाय नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी इनाम लावले. इनामाच्या लोभाने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा जून महिन्यात पारशी मंडळी रस्त्यावर आली, बाजार बंद पडले आणि दंगा झाला. पुढेही आपल्या शहरांतून कुत्री मारण्याची मोहीम कितीतरी वर्षे चालली. कुत्री कमी झाली काय? नाही, कारण जेथे खावयास आहे तेथली रिकामी झालेली जागा शेजारच्या हद्दीतली कुत्री भरून काढतात, आणि कुत्रीस वर्षातून साधारण दोन वेळा पिले होतात. उघडी कचराकुंडी, खाटकाच्या व कोंबडीच्या दुकानामागे पडलेले टाकाऊ मांस, हॉटेलामागचे खरकटे, ही जोवर आहेत तोवर कुत्र्यांचे संख्याबळ तीच ठरवितात. म्हणून मांसाचा कचरा झाकून वेळीच उचलला जाणे ही केवळ स्वच्छतेची बाब नाही. तो श्वानदंशावरचा उपाय आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करणे, खूण म्हणून कानाचा कोपरा कापणे, आणि त्यांस मूळ जागी सोडणे. २००१ मध्ये यासंबंधीचे नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. हे काम स्थानिक संस्थेवर आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग मान्य केला. मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री परत सोडू नयेत आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून ती पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले.

हा मार्ग नेटाने चालविल्यास काय होते, याचे उदाहरण दूर नाही. मराठी माणसाच्या शेजघरी, गोव्यातच आहे. २०१३ पासून २०१९ पर्यंत तेथे सरकारने व रेबीज निर्मूलनासाठी झटणाऱ्या संस्थांनी मिळून मोहीम चालविली. फिरती पथके मोबाइलवरच्या नकाशाबरहुकूम गल्लीगल्लीतून गेली आणि वर्षाकाठी ९५ हजारांवर कुत्र्यांना, म्हणजे शेकडा ७० कुत्र्यांना, लस टोचू लागली. दरसाल दीड लाख मुलांना दंश कसा टाळावा हे शिकविले. कुत्र्यांतील रेबीजचे प्रमाण शेकडा ९२ ने घटले, आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. शेकडा ७० हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. दहांतल्या सात कुत्र्यांस लस असली म्हणजे रोगास एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जावयास वाट सापडत नाही. लस टोचलेला गल्लीतला कुत्रा हा त्या गल्लीचा एक प्रकारे पहारेकरीच होतो. मात्र मोहीम एक वर्ष चालवून पुढे चार वर्षे विसरली, तर तिचा उपयोग नाही. नवी पिले जन्मतात, जुनी लस ओसरते.

हे काम पालिकेचे आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. पकडगाडी आली की 'आमच्या गल्लीतला नेऊ नका' म्हणून तिला अडविणारे आपणच, आणि कुत्री वाढली म्हणून अर्ज करणारेही आपणच. ज्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी जरूर घालावे. पण जिन्याच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकाजवळ, मुले खेळतात तेथे नव्हे. नियमही हेच सांगतात. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, वर्दळ नसताना घालावे व उरलेले उचलून न्यावे. आणि जो खाऊ घालतो त्याच्या हाती तो कुत्रा येतो. तेव्हा पथक आले म्हणजे त्यास धरून देण्याचे काम त्याच्याइतके दुसरे कोणी करू शकत नाही. भाकरी घालणारा हातच लस टोचविणारा हात होऊ शकतो.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक गल्लीने, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, कुंभारीच्या विडी घरकुलांतील प्रत्येक ओळीने आपल्या कुत्र्यांची एक साधी वही ठेवावी. किती कुत्री, कान कापलेली किती, लस केव्हा झाली, नवी पिले कोठे झाली, एवढेच तीत लिहावे. जखम धुण्याची व लसीच्या दिवसांची माहिती मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत भिंतीवर लावावी. कारण आपल्या शहरात आई आपल्या लेकराशी या चारांपैकी कोणत्याही भाषेत बोलत असेल, आणि चावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे त्या आईच्याच हाती असतात. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी तरुण मंडळी हे काम दोन रविवारांत करतील.

देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज नाहीसा करण्याचा संकल्प २०२१ मध्ये जाहीर केला, तो दिवस २८ सप्टेंबरचा होता. पाश्चर यांची ती पुण्यतिथी, आणि जागतिक रेबीज दिनही. संकल्प दिल्लीत होतात, पण कुत्रे गल्लीत असतात. व्याख्यान ऐकून घरी जाताना वाटेत जो कुत्रा दिसेल, त्याच्या कानाकडे एकवार पाहावे. कान अखंड असेल आणि त्याच्या लसीविषयी कोणासच काही सांगता येत नसेल, तर तो कुत्रा आपला आहे असे समजून दुसऱ्या दिवशी वहीत त्याची नोंद करावी व महानगरपालिकेस कळवावे. मग पुढेमागे कोणी विचारले की कुत्रा कोणाचा, तर 'आमच्या गल्लीचा. लस झालेली आहे' असे उत्तर देता येईल, आणि ते ऐकणाऱ्या आईचा जीव थोडा तरी भांड्यात पडेल.